महिला बुद्धिबळ विश्वचषक २०२५ – अंतिम सामना

महिला बुद्धिबळ विश्वचषक २०२५चा अंतिम सामना हा जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरात कोनेरू हंपी आणि दिव्या देशमुख या दोन भारतीय खेळाडूंमध्ये खेळला गेला. २६ आणि २७ जुलै रोजी झालेले पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी झालेल्या जलद डावांच्या टायब्रेकमध्ये दिव्याने १.५–०.५ अशी सरशी साधून सामना एकूण २.५–१.५ असा जिंकला. या विजयामुळे नागपूरच्या या १९ वर्षीय खेळाडूला विश्वचषकाबरोबरच ग्रँडमास्टर हा किताबही थेट मिळाला. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर आणि हा किताब मिळवणारी चौथी भारतीय महिला ठरली.

स्पर्धेपूर्वीच्या क्रमवारीनुसार हंपीला चौथे, तर दिव्याला पंधरावे मानांकन होते. दोघींच्या आंतरराष्ट्रीय गुणांकनात (एलो रेटिंग) ८० गुणांचे अंतर होते. त्यामुळे असमान बलाच्या खेळाडूंमधील सामन्याचे अलीकडचे उदाहरण म्हणून या लढतीची चर्चा होते. मात्र हे अंतर प्रत्यक्षात किती मोठे होते, याबद्दल बराच गैरसमज आढळतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पार्श्वभूमी

महिला विश्वचषक ही जागतिक बुद्धिबळ महासंघाची (फिडे) बाद पद्धतीची स्पर्धा आहे. पहिली स्पर्धा २०२१ मध्ये सोची येथे झाली व ती अलेक्झांड्रा कोस्तेनियुक हिने जिंकली. २०२३ मध्ये बाकू येथे अलेक्झांड्रा गोर्याचकिना विजयी झाली. बातुमीची स्पर्धा तिसरी होती. तीत १०७ खेळाडूंनी भाग घेतला. पहिल्या तीन क्रमांकांच्या खेळाडूंना २०२६च्या महिला कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेतेपदाची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, प्रवेश मिळणार होता.

प्रत्येक फेरीत दोन खेळाडू एकमेकींशी पारंपरिक पद्धतीचे दोन डाव खेळतात. पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटे, त्यानंतर आणखी ३० मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची भर, अशी वेळेची मर्यादा असते. गुण समान राहिल्यास तिसऱ्या दिवशी टायब्रेक होतो. त्यात प्रथम १५ मिनिटांचे दोन डाव, मग १० मिनिटांचे दोन आणि त्यानंतर ५ मिनिटांचे दोन डाव, अशी उतरती भाजणी असते. वेळ जसजसा कमी होतो तसतसा तयारीचा वाटा घटतो आणि हाताच्या सवयीचा व धीराचा वाटा वाढतो.

कोनेरू हंपीचा जन्म ३१ मार्च १९८७ रोजी आंध्र प्रदेशात झाला. २००२ मध्ये, वयाच्या १५व्या वर्षी, ती ग्रँडमास्टर झाली. हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय महिला होय. २०१९ आणि २०२४ अशी दोनदा तिने महिलांची जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात झालेल्या महिला ग्रां प्री स्पर्धेतही तीच विजेती होती. त्या स्पर्धेत दिव्या तिसरी आली होती.

दिव्या देशमुख हिचा जन्म ९ डिसेंबर २००५ रोजी नागपूर येथे झाला, म्हणजे हंपी ग्रँडमास्टर झाली त्यानंतर तीन वर्षांनी. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. २०२१ मध्ये तिला महिला ग्रँडमास्टर आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय मास्टर हे किताब मिळाले. २०२३ मध्ये तिने अल्माटी येथे आशियाई महिला अजिंक्यपद मिळवले. २०२४ मध्ये गांधीनगर येथे ती २० वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले. दिव्याने तिसऱ्या पटावर ११ डावांत ९.५ गुण करून वैयक्तिक सुवर्णपदकही पटकावले. विदर्भातून तिच्याआधी रौनक साधवानी (२०१९) आणि संकल्प गुप्ता (२०२१) हे ग्रँडमास्टर झाले होते. तिघेही नागपूरचे आहेत.

महाराष्ट्रातील महिला बुद्धिबळाची परंपरा याहून जुनी आहे. १९७४ साली झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. १९७६ मध्ये १३ वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी महिलांना अशा स्पर्धांत खेळण्यापासून रोखता येणार नाही, असा निर्णय दिला. पटाच्या पलीकडे कोणी बसावे हे गुणवत्तेवर ठरावे, हे तत्त्व महाराष्ट्रात असे झगडून प्रस्थापित करावे लागले. पुढे भाग्यश्री ठिपसे यांनी १९९१ मध्ये आशियाई अजिंक्यपद, तर पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन यांनी २००९ मध्ये जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद मिळवले.

अंतिम फेरीपर्यंतची वाटचाल

वरच्या मानांकनामुळे दिव्याला पहिल्या फेरीत खेळावे लागले नाही. दुसऱ्या फेरीत तिने जॉर्जियाच्या केसारिया म्गेलाद्झे हिला आणि तिसऱ्या फेरीत सर्बियाच्या तेओडोरा इंजाच हिला हरवले. चौथ्या फेरीत तिची गाठ दुसऱ्या मानांकनाच्या चीनच्या झू जिनेर हिच्याशी पडली. पारंपरिक डावांत १–१ अशी बरोबरी झाल्यावर दिव्याने टायब्रेकमध्ये तिला नमवले. उपांत्यपूर्व फेरीत द्रोणवल्ली हरिका हिच्याविरुद्धही निर्णय टायब्रेकवरच गेला आणि तेथे दिव्याने दोन्ही जलद डाव जिंकले. या फेरीत पोहोचलेल्या आठ खेळाडूंपैकी हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या अशा चार भारतीय होत्या.

उपांत्य फेरीत तिच्यासमोर माजी जगज्जेती टॅन झोंगयी होती. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात पांढरी मोहरी घेऊन खेळताना दिव्याने १०१ चालींनंतर विजय मिळवला. दोन्ही बाजूंनी चुका झालेला हा डाव शुद्धतेच्या दृष्टीने फारसा वाखाणला जाणार नाही. परंतु कँडिडेट्स स्पर्धेतील जागा निश्चित करणारा डाव हाच होता, हे लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्या उपांत्य सामन्यात हंपीने अव्वल मानांकित लेई टिंगजी हिला बराच लांबलेल्या टायब्रेकनंतर ५–३ असे हरवले. टॅन झोंगयी हिने पुढे तिसरे स्थान मिळवले.

अशा रीतीने अंतिम सामना सुरू होण्यापूर्वीच दोन्ही खेळाडूंचा कँडिडेट्समधील प्रवेश पक्का झाला होता. विजेतीला ५०,००० आणि उपविजेतीला ३५,००० अमेरिकी डॉलर असे पारितोषिक होते. मात्र किताबाच्या बाबतीत डाव एकतर्फी होता. हंपी तेवीस वर्षांपासून ग्रँडमास्टर होती, त्यामुळे जिंकून तिला नवा किताब मिळणार नव्हता. दिव्याला मात्र जिंकल्यास ग्रँडमास्टर किताब थेट मिळणार होता आणि हरल्यास तो नेहमीच्या मार्गानेच मिळवावा लागणार होता.

गुणांकनातील अंतराचा अर्थ

बुद्धिबळातील गुणांकनाची आजची पद्धत हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी बसवली आणि फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. या पद्धतीत दोन खेळाडूंच्या गुणांकनातील फरकावरून प्रत्येकाचे अपेक्षित गुण काढतात. फरक शून्य असेल तर प्रत्येकाकडून डावामागे ०.५० गुणाची अपेक्षा असते.

स्पर्धेच्या वेळी हंपीचे गुणांकन २५४३ आणि दिव्याचे २४६३ होते. फिडेच्या कोष्टकाप्रमाणे ८० गुणांच्या फरकाला वरच्या खेळाडूकडून ०.६१ आणि खालच्या खेळाडूकडून ०.३९ गुणाची अपेक्षा असते. याचा अर्थ हंपी शंभरपैकी एकसष्ट डाव जिंकेल असा नव्हे. विजयाचा एक आणि बरोबरीचा अर्धा गुण धरून शंभर डावांत तिचे सुमारे ६१ गुण होतील, एवढाच त्याचा अर्थ आहे. या पातळीवर बरोबरीचे प्रमाण मोठे असल्याने प्रत्यक्ष विजयांची संख्या याहून बरीच कमी भरते. दोन डावांच्या सामन्यात अपेक्षित गुण १.२२ विरुद्ध ०.७८ होतात. हा अर्ध्या गुणाहूनही कमी फरक एका बरोबरीने किंवा एका चुकीने सहज पुसला जातो. ‘पंधराव्या मानांकनाची खेळाडू जिंकली’ हे वाक्य ऐकताना जेवढा मोठा उलटफेर वाटतो तेवढा तो अंकांत नाही. खरी कठीण गोष्ट अशी की दिव्याने झू, टॅन आणि हंपी अशा तीन खेळाडूंना एकाच स्पर्धेत बाद केले. या तिघींचेही गुणांकन तिच्याहून ८० ते ८४ गुणांनी अधिक होते. थोडी प्रतिकूल पारडी एकामागून एक तीनदा आपल्याकडे झुकवणे ही एकदा झुकवण्यापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे.

डावानंतर गुणांकनात होणारा बदल हा मिळालेले गुण आणि अपेक्षित गुण यांच्या फरकाला एका ठरावीक गुणकाने गुणून काढतात. २४०० गुणांकन गाठलेल्या खेळाडूंसाठी हा गुणक १० असतो. त्यामुळे अंतिम सामन्यातील दोन बरोबऱ्यांनी दिव्याच्या पारंपरिक गुणांकनात प्रत्येकी १.१ म्हणजे एकूण २.२ गुणांची भर पडली आणि हंपीचे तेवढेच गुण कमी झाले. टायब्रेकच्या जलद डावांची नोंद जलद गुणांकनात स्वतंत्रपणे होते. विश्वचषक ठरवणारा विजय पारंपरिक गुणांकनाला शिवतही नाही, हे नवख्या वाचकाला विचित्र वाटेल. पण नियम तसाच आहे.

खालच्या पातळीवर हे आकडे अधिक हलते असतात. समजा, भंडारा किंवा गोंदिया येथील १४५० गुणांकनाच्या एखाद्या शालेय खेळाडूची नागपूरच्या खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत १८५० गुणांकनाच्या खेळाडूशी गाठ पडली. खुल्या स्पर्धांत जोड्या जुळवण्याच्या स्विस पद्धतीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी भिडत असल्याने अशा विषम जोड्या नेहमीच्याच आहेत. ४०० गुणांच्या फरकाला अपेक्षा ०.९२ विरुद्ध ०.०८ अशी असते. अठरा वर्षांखालील आणि २३०० पेक्षा कमी गुणांकनाच्या खेळाडूंचा गुणक ४० आहे. म्हणून पराभवाने त्या मुलाचे केवळ ३.२ गुण जातात, बरोबरीने १६.८ गुण वाढतात आणि विजयाने ३६.८ गुण मिळतात. बलवान प्रतिस्पर्ध्याची धास्ती घेणाऱ्या मुलांना आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांना हा हिशेब एकदा कागदावर मांडून दाखवावा, असा आहे.

सामना

पहिला डाव २६ जुलै रोजी झाला. दिव्याकडे पांढरी मोहरी होती. हंपीने वजिराच्या बाजूचे देऊ केलेले प्यादे स्वीकारून, म्हणजे क्वीन्स गॅम्बिट स्वीकारून, खेळ केला. डावाच्या सुरुवातीच्या टप्प्यातच दिव्याला स्पष्ट वरचष्मा मिळाला होता. संगणकीय विश्लेषणानुसार नेमकी चाल सापडली असती तर तो निर्णायक ठरू शकला असता. ती चाल हुकली आणि अनुभवी हंपीने स्थिती सावरली. ४१ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी मोहरी उलटली. हंपीला पांढऱ्या मोहऱ्यांचा लाभ असूनही विजयाची संधी साधता आली नाही आणि हा डावही बरोबरीतच संपला.

आतापर्यंतच्या दोन डावांत दुर्बल मानल्या गेलेल्या खेळाडूने बलवान खेळाडूच्या बरोबरीने गुण मिळवले होते. तरीही टायब्रेककडे पाहताना पारडे हंपीकडे झुकलेले होते. जलद बुद्धिबळातील जगज्जेती तीच होती. दिव्याची या प्रकारातील कामगिरीही कमी नव्हती. २०२३ मध्ये तिने कोलकात्यातील टाटा स्टील स्पर्धेच्या महिला जलद विभागात विजेतेपद मिळवले होते. जून २०२५ मध्ये लंडन येथील जागतिक सांघिक स्पर्धेत तिने अतिजलद डावात महिलांमध्ये सर्वाधिक गुणांकन असलेल्या हो यिफान हिला हरवले होते. तथापि, दोन दशकांचा अनुभव आणि दोन जागतिक विजेतेपदे हंपीच्या बाजूला होती.

२८ जुलै रोजी झालेला पहिला जलद डाव ८१ चालींपर्यंत चालला. दिव्या पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होती. हंपीने पेट्रॉफ बचाव निवडला आणि डाव बरोबरीत राखला. १५ मिनिटांच्या डावात ८१ चाली म्हणजे दोन्ही खेळाडूंनी शेवटचा बराचसा भाग केवळ चालीमागे मिळणाऱ्या १० सेकंदांवर काढणे होय. दुसऱ्या डावाच्या वेळी थकवा दोघींनाही सारखाच असणार होता. वयातील १९ वर्षांचे अंतर मात्र तेथे तरुण खेळाडूच्या उपयोगी पडले असावे.

दुसऱ्या डावात हंपीने कॅटलन प्रारंभ खेळला. हा राजाच्या बाजूचा उंट लांब कर्णावर ठेवून हळूहळू दाब वाढवण्याचा प्रकार आहे. दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी समतोल साधला. हंपीच्या घड्याळातील वेळ घटत गेली. चाळिसाव्या चालीच्या सुमारास तिने मध्यभागी एक प्यादे सोडून खेळ मोकळा करण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि पुढाकार दिव्याकडे गेला. मात्र तेथून विजय सरळ आला नाही. दिव्याच्या हातूनही चूक झाली आणि हंपीला डाव वाचवण्याची संधी पुन्हा मिळाली. वेळेच्या टंचाईत तिला ती साधता आली नाही. अंत्यडावातील आणखी एका चुकीनंतर दिव्याची प्यादी रोखणे अशक्य झाले आणि हंपीने पराभव मान्य केला. अंत्यडावाचा अभ्यास आपल्याला वाढवावा लागेल, असे दिव्याने सामन्यानंतर स्वतःच सांगितले. डाव संपल्यावर पटाजवळच तिला अश्रू आवरेनात आणि बाहेर येऊन तिने आईला मिठी मारली. हे दृश्य पुढे सर्वत्र प्रसारित झाले.

ग्रँडमास्टर किताब

ग्रँडमास्टर होण्याचा सर्वसाधारण मार्ग असा आहे : खेळाडूचे गुणांकन कधीतरी २५०० पर्यंत पोहोचले पाहिजे आणि किमान २७ डाव भरतील असे तीन नॉर्म मिळवले पाहिजेत. पात्र स्पर्धेत पुरेशा ग्रँडमास्टरांशी खेळून २६०० गुणांकनाच्या तोडीची कामगिरी केली की एक नॉर्म मिळतो. काही निवडक जागतिक स्पर्धांच्या विजेत्यांना मात्र फिडे हा किताब थेट देते. महिला विश्वचषक ही अशा स्पर्धांपैकी एक आहे.

बातुमीला जाताना दिव्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. या स्पर्धेत एखादा नॉर्म मिळाला तर बरे, एवढीच तिची अपेक्षा होती. यावरून किताब ‘सवलतीने’ मिळाल्याची टीका काही ठिकाणी झाली. ती करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिव्याचे गुणांकन २५०१ झाले होते, म्हणजे किताबाची गुणांकनाची अट तिने आधीच पूर्ण केली होती. दुसरे म्हणजे, बाद पद्धतीत सहा फेऱ्या टिकून राहणे हा नॉर्मपेक्षा हलका निकष आहे असे म्हणता येत नाही. नॉर्मच्या स्पर्धेत एखादा पराभव भरून काढता येतो. येथे सामना गमावला की स्पर्धाच संपते.

पुढील घडामोडी

नागपूरला परतल्यावर दिव्याचे जोरदार स्वागत झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते राज्य सरकारतर्फे तिचा सत्कार करण्यात आला आणि तिला ३ कोटी रुपयांचे पारितोषिक देण्यात आले.

सप्टेंबर २०२५ मध्ये उझबेकिस्तानातील समरकंद येथे झालेल्या ग्रँड स्विस स्पर्धेत दिव्या महिला गटाऐवजी खुल्या गटात खेळली. तेथे जवळपास प्रत्येक फेरीत प्रतिस्पर्ध्याचे गुणांकन तिच्याहून बरेच जास्त होते. तिने इजिप्तचा ग्रँडमास्टर बासेम अमीन याला हरवले. तिची सर्वांत उल्लेखनीय बरोबरी जगज्जेता डी. गुकेश याच्याविरुद्ध झाली. गुकेशचे गुणांकन २७६७ आणि दिव्याचे २४७८ होते. २८९ गुणांच्या या फरकाला खालच्या खेळाडूकडून डावामागे अवघ्या ०.१६ गुणाची अपेक्षा असते. अर्ध्या गुणाने दिव्याला ३.४ गुणांकन गुण मिळाले आणि जगज्जेत्याने तेवढेच गमावले. बातुमीतील दोन बरोबऱ्या मिळूनही एवढे गुण झाले नव्हते. गुणांकनाच्या निकषावर पाहिले तर समरकंदचा हा एक बरोबरीचा डाव बातुमीतील कोणत्याही एका डावापेक्षा अधिक विषम होता. प्रसिद्धी मात्र त्याला त्यामानाने थोडीच मिळाली.